छप्पर नको, गुरुवार द्या

सेक्टर १०, भिलाई (छत्तीसगड)

प्रति,
शेतकरी बाजारांसाठी अनुदानाच्या योजना आखणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी,
रायपूर, पुणे, दिल्ली.



या विषयावर हिंदीत दोन अर्ज लिहून झाले. अर्जाला विषय लागतो, संदर्भ क्रमांक लागतो, सोबतच्या कागदांची यादी लागते, आणि एवढं लिहिता लिहिता सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. मी भंडाऱ्याची लेक. पोलाद कारखान्यातल्या माणसाशी लग्न होऊन भिलाईला आले आणि पुढचं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. शेती मी कधी केली नाही. मी भाजी घेते. तुमच्या कागदांत माझ्यासारखीचा उल्लेख ‘उपभोक्ता’ एवढाच येतो आणि पुढच्या ओळीत तुम्ही सिमेंटकडे वळता. मला बोलायचंय ते त्या वळणाबद्दलच.

आधी आमचा बाजार सांगते. सेक्टर १० च्या दुकानांपासून जरा बाजूला, रस्त्याच्या कडेला, गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा बायका येऊन बसतात. पोतं अंथरायचं, त्यावर भाजीच्या जुड्या मांडायच्या. याला इथे पसरा म्हणतात. आपला पसारा तो हाच, फक्त नीटनेटका. त्यांतल्या एकीला सगळे दाई म्हणतात. छत्तीसगडीत दाई म्हणजे आई. तिच्याकडे लाल भाजी असते, चेच असते, खेडा असतो, पावसाळ्यात चरोटा. चरोटा म्हणजे आपला तरोटा, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तो. हिवाळ्यात तिवऱ्याची भाजी येते, तीच आमच्या भंडाऱ्याची लाखोळी. उन्हाळा लागताना कधी तरी मूठभर बोहार घेऊन येते. बोहार म्हणजे भोकराचा कोवळा बार. त्याचा भाव ऐकून पनीर स्वस्त वाटतं, तरी अर्ध्या तासात ते संपलेलं असतं.

भिलाईच्या टाउनशिपमध्ये भारतभरातली माणसं कामाला आली. त्यामुळे दाईच्या पोत्यावरच्या एकाच जुडीला तीन नावं आहेत. ती स्वतः तिला अमारी म्हणते. मी दिसले की ‘अंबाडी हे, बहिनी’ अशी हाक येते. मागच्या सडकेवरच्या तेलुगू बाई आल्या की तीच जुडी गोंगुरा होते. (भिलाईत गल्लीला सडक म्हणतात, याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.) मुनग्याचा कोवळा पाला ती केरळी घरांसाठी वेगळा बांधून ठेवते. बंगाली काकू लाल शाक मागतात, तिला लगेच कळतं. ही बाई कधी शाळेत गेलेली नाही, पण कोणतं गिऱ्हाईक काय खातं आणि त्याला काय म्हणतं, हे तिला पाठ आहे. बाजाराची प्रसिद्धी म्हणतात ती हीच. तुमच्या योजनांत ‘प्रचार-प्रसार’ नावाचा जो रकाना असतो, त्यात मात्र फ्लेक्स छापून येतो.

आता तक्रारी. पहिली पैशाची.

केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना मी मुलाकडून मिळवून वाचल्या. ग्रामीण बाजार, अपनी मंडी, थेट विक्रीचा बाजार यांसाठी त्यांत २५ लाख रुपयांचा खर्च धरला होता आणि साधारण भागात त्याच्या ४० टक्के अनुदान होतं. म्हणजे १० लाख. वाचून बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली. अनुदान कर्जाशी जोडलेलं आणि मागाहून मिळणारं. म्हणजे आधी बँकेकडून कर्ज काढा, बाजार बांधा, तो दाखवा, मग अनुदान तुमच्या कर्जखात्यात जमा होईल. साहेब, दाईला कोणती बँक २५ लाख देईल? कोणतीच देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग हे पैसे नेमके कुणासाठी ठेवले होते? ज्याच्याकडे तारण आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे तारण आहे तो गुरुवारी संध्याकाळी पोतं अंथरून बसत नाही.

आणि समजा, कुणी भला माणूस पुढे झाला आणि बाजार बांधला. असा एक बांधलेला बाजार मी पाहिला आहे. गावाचं नाव घेत नाही. पत्र्याचं उंच छप्पर, सिमेंटचे ओटे, ओट्यांवर पांढऱ्या फरश्या, दारावर कमान आणि कमानीवर फोटो. उद्घाटनाच्या दिवशी ओटे भरलेले होते. मी दीड वर्षाने गेले तेव्हा तिथे लग्नाच्या मांडवाचे बांबू रचलेले होते आणि भाजीवाल्या बायका बाहेर, छपरापासून शंभर पावलांवर, रस्त्याला लागून बसल्या होत्या. कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून जातं. गाडी बंद न करता एक पाय टेकवून अर्धा किलो वांगी घेणारा माणूस ओट्यापर्यंत चालत जात नाही. ओटा उंच असल्याने बसायलाही गैरसोय. जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईचा हात गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत पोचतो, हे ओटा बांधणाऱ्या अभियंत्याला कुणी सांगितलं नसावं.

बाजार म्हणजे मुळात वार. आमच्या नागपूरला इतवारी आहे, मंगळवारी आहे, शुक्रवारी आहे. वाराचं नाव पडलं आणि तीच वस्ती झाली. इथे भिलाईत सुपेल्याचा रविवारचा बाजार कुणालाही विचारा, पत्ता सांगावा लागत नाही. अमुक वारी अमुक ठिकाणी माणूस भेटणारच, ही खात्री लोकांच्या अंगात मुरली की बाजार झाला. ती खात्री कशाने येते? सलग शंभर गुरुवार बाजार भरल्याने. पाऊस असो, परीक्षा असोत, निवडणूक असो. आणि मोडते कशाने? तीन गुरुवार चुकल्याने. तुमच्या एकाही योजनेत शंभर गुरुवारांसाठी पैसे नाहीत.

मी स्वयंपाकघराचा हिशोब आयुष्यभर ठेवला, म्हणून तुमच्या १० लाखांचाही करून पाहिला. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, चुकत असतील तर दुरुस्त करा. बाजार सांभाळायला एक माणूस, शक्यतो शेजारच्या गावची शिकलेली मुलगी, महिना १२ हजारांवर. वर्षाचे १ लाख ४४ हजार. धमधा आणि पाटण या दोन बाजूंनी दर गुरुवारी एकेक टेम्पो, माल आणि माणसं घेऊन येणारा आणि रात्री परत सोडणारा. फेरीला अडीच हजार धरले तर वर्षाचे २ लाख ६० हजार. पाणी, दिवे, झाडलोट आणि बायकांसाठी फिरतं शौचालय मिळून गुरुवारी दीड हजार, वर्षाचे ७८ हजार. एकूण ४ लाख ८२ हजार. म्हणजे १० लाखांत दोन वर्षं, १०४ गुरुवार निघतात. वर ३६ हजार उरतात. त्यांत सरकारी शिक्क्याचे दहा वजनकाटे आणि मे महिन्याच्या उन्हासाठी ताडपत्र्या येतील. पंचेचाळीस अंशांत चेच भाजी तासाभरात मान टाकते, म्हणून सावली हवीच. पण ती गुंडाळून नेता येईल अशी हवी.

शौचालयाचं मुद्दाम लिहिलं. दाई दुपारी एकला घरून निघते आणि रात्री नऊला पोचते. मधल्या आठ तासांत ती पाणी पीत नाही. का, ते विचारू नका.

अमेरिकेत शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं म्हणून १९७६ साली कायदा झाला आणि २००६ पासून शेतकरी बाजारांना त्याखाली प्रसिद्धीसाठी अनुदान मिळू लागलं. त्यातली मला आवडलेली अट अशी की या पैशातून जमीन घेता येत नाही आणि इमारत बांधता येत नाही. बाजार चालवणं, शिकवणं, लोकांपर्यंत पोचणं, एवढ्यासाठीच तो पैसा. तिकडचं सगळं इकडे आणा असं माझं म्हणणं नाही. पण ही एक अट उचलायला हरकत नसावी. उद्घाटनाला कापायला फीत उरणार नाही, तेवढी अडचण होईल.

दुसरी तक्रार कागदांची. आमच्या सडकेवरच्या चार-पाच जणांनी मिळून, बाजार नीट व्हावा म्हणून, एका कार्यालयात विचारणा केली. कार्यालयाचं नाव सोडून देते. तिथल्या माणसाने चहा पाजला, नीट बोलला. मग विचारलं, तुमची संस्था नोंदणीकृत आहे का, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आहेत का, जमीन कुणाच्या नावावर आहे. आम्ही म्हटलं, आमची संस्था नाही, आम्ही भाजी घेणारी माणसं. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

मग दाईच्या नावाने काही होईल का ते पाहिलं. शेतकऱ्यांच्या योजनेत तिला खसरा आणि बी-१ मागतात (महाराष्ट्रातल्या वाचकांनी सातबारा समजावा), आणि जमीन सासऱ्याच्या नावावर आहे. फेरीवाल्यांच्या योजनेत विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागतात, आणि शहरात जेव्हा पाहणी झाली तेव्हा बुधवार होता की शुक्रवार कोण जाणे, गुरुवार नव्हता. २०२० साली पीएम स्वनिधी सुरू झाली, पहिलं कर्ज तेव्हा १० हजारांचं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांनाही तीत शिफारसपत्रावर जागा आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण शिफारसपत्र मिळवायला जो दिवस मोडतो, त्या दिवशीची भाजी कोण विकणार? शेतकऱ्यांच्या कागदात ती फेरीवाली आणि फेरीवाल्यांच्या कागदात ती शेतकरीण. दोन्ही ठिकाणी ती आहे, म्हणून कुठेच नाही.

यातून वाट निघते. आंध्रात १९९९ च्या जानेवारीत रयतू बाजार, म्हणजे शेतकरी बाजार, निघाले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मदुराईत तसाच पहिला उळवर संदै. दोन्हीकडे शेतकऱ्याला ओळखपत्र देतात, आणि ते देण्याआधी सरकारी माणूस त्याच्या गावी जाऊन पाहतो की याच्या शेतात खरंच काय उभं आहे. जागेचं भाडं नाही, काटे बाजारातर्फे, भाव सकाळी फळ्यावर. ओळख शेतातल्या पिकावरून, हे मला महत्त्वाचं वाटतं. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव असलं तरी वाफ्यातली लाल भाजी कुणी पेरली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथवर जायला मात्र पेट्रोल लागतं आणि बूट मळतात.

तमिळनाडूचंच एक लिहायला हवं. २००१ साली तिथे सरकार बदललं आणि हे बाजार आधीच्यांनी काढले म्हणून बाजूला पडले. २००६ साली ते आधीचे पुन्हा आले, तेव्हा बाजारांना परत जीव आला. आमच्या छत्तीसगडलाही हा खेळ नवा नाही. सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं आणि कमानीवरचा फोटो. दाई मात्र तीच असते. योजना पक्षाच्या नावाने निघाली की तिला सरकारच्या वयाएवढंच आयुष्य मिळतं, म्हणून म्हणते, बाजाराला वाराचं नाव द्या. गुरुवार कुठल्याच पक्षाचा नाही.

महाराष्ट्राने २०१६ च्या जुलैत फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधान भवनाच्या आवारात शेतकरी आठवडे बाजार भरवला. संत सावता माळी यांचं नाव त्या अभियानाला दिलं. नाव समर्पक आहे, कांदा-मुळ्यात विठ्ठल पाहणारा माणूस. पुण्याला बहिणीकडे गेले की तिच्या सोसायटीजवळचा बाजार मी आवर्जून पाहते. तिथे महापालिकेचे रिकामे भूखंड आहेत, तरुण शेतकऱ्यांचे गट आहेत, गिऱ्हाइकाकडे पैसा आहे. पुण्यात चाललं ते तसंच्या तसं भिलाईत चालणार नाही, कारण आमच्याकडे जागेचा गुंता निराळा आहे.

तो असा. टाउनशिपची जमीन कारखान्याची. शहर महापालिकेचं. शेतकरी राज्य सरकारचा. योजना केंद्राची. एका पोत्याएवढ्या जागेसाठी चार दारं वाजवावी लागतात आणि प्रत्येक दारातून पुढचं दार दाखवतात. या कारखान्यासाठी १९५५ च्या २ फेब्रुवारीला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या चार वर्षांत इथल्या गावांची शेतं कारखान्याखाली आणि आमच्या क्वार्टर्सखाली गेली. भिलाई हेही आधी एका गावाचंच नाव. ज्या मातीवर आमचे सेक्टर उभे आहेत, तिथे कुणाची तरी बाडी होती, म्हणजे परसातली भाजी. त्या बाडीवाल्यांच्या शेजारपाजारच्या गावांतली बाई आज त्याच मातीवर सहा बाय चार फूट जागा आठवड्यातून चार तास मागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. भिलाईतले किती बाजार पन्नाशी ओलांडून गेलेत, हे कुणीतरी एकदा बसून मोजावं. चारही दारांतल्या साहेबांनी एका टेबलाशी बसून मोजलं तर आणखी बरं.

आता टोमॅटो. धमधा भागातला टोमॅटो प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तो एवढा येतो की तोडणीची मजुरीही निघत नाही, आणि शेतकरी रस्त्यावर ओतून मोकळा होतो. त्या दिवशी वर्तमानपत्रात लाल रस्त्याचा फोटो येतो. गंमत अशी की त्याच आठवड्यात इथून तीस-चाळीस किलोमीटरवर, आमच्या सडकेवर, टोमॅटो फुकट कुणी देत नाही. २०२४ साली रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासलेखात हिशोब आहे. गिऱ्हाईक टोमॅटोला जो रुपया देतं त्यातले ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७.

इथे सगळे बोट दाखवतात ते कोचियाकडे. कोचिया म्हणजे गावातून माल उचलून शहरात विकणारा मधला माणूस. मी त्याच्यावर रागावलेली नाही. मी त्याच्याकडूनही घेते. कांदा-बटाटा, भर पावसाळ्यातली फुलकोबी, हे तोच आणणार. पहाटे भिलाईच्या आकाशगंगा सब्जी मंडीत उभा राहतो, सडलेला माल स्वतः सोसतो. राग एवढ्याचाच की शेतकऱ्याच्या नावाच्या बाजारात तो शेतकरी म्हणून बसतो. त्यालाही ओळखपत्र द्या, वेगळ्या रंगाचं. गिऱ्हाइकाला रंग कळतो.

राहिला प्रसिद्धीचा पैसा. उद्घाटनाच्या दिवशी अर्धं पान जाहिरात येते, तीत फोटो सहा आणि भाजी एकही नाही. आम्हाला हवं आहे ते फार स्वस्त आहे. बुधवारी रात्री मोबाइलवर एक निरोप: उद्या काय येणार, कुठल्या गावचं, साधारण भाव काय. सडकेच्या तोंडाशी एक काळा फळा आणि खडू. भाजीचं नाव तीन-चार भाषांत. चरोटा कसा करायचा ते दोन ओळींत, कारण सेक्टरमधल्या नव्या मुली चरोट्याला गवत समजतात. आणि वेळ कारखान्याच्या पाळ्यांशी जुळवून. सकाळची पाळी दोनला सुटते, माणूस जेवून आडवा होतो, पाचला उठून पिशवी घेतो. बाजाराची वेळ कचेरीत ठरली की ती सकाळी अकराची ठरते. तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस भट्टीसमोर असतो आणि रात्रपाळीचा झोपलेला.

२०१८ च्या अर्थसंकल्पात २२ हजार ग्रामीण हाटांचे कृषी बाजार करण्याची घोषणा झाली, आणि बाजारांच्या पायाभूत सोयींसाठी २ हजार कोटींचा निधी. घोषणा मोठी होती. माझी विनंती लहान आहे. त्यातल्या जेवढ्यांवर छप्पर चढलं, त्यांची यादी करा आणि नावापुढे एकच रकाना ठेवा: गेल्या वर्षातल्या ५२ आठवड्यांपैकी इथे किती वेळा बाजार भरला? तो आकडा लोकांपुढे ठेवा. पुढचं अनुदान त्या आकड्यावर द्या. कर्जाची अट काढा. दोन वर्षं चालवायचा खर्च आधी, दर तीन महिन्यांनी, आणि तो बायकांच्या बचत गटाच्या खात्यात. ताळेबंद मागूच नका असं नाही; पण पहिल्या वर्षी साधी वही मागा. दाईची मुलगी बारावी झालीय, वही उत्तम ठेवते. मी पाहिली आहे.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर येत्या गुरुवारी या. साडेचारनंतर. सूचना देऊन येऊ नका, नाहीतर आदल्या रात्री रस्ता झाडला जाईल आणि बायकांना उठवलं जाईल. गाडी लांब लावा. पिशवी घरून आणा, दाईकडे प्लास्टिक नसतं. दहा-वीसच्या नोटा असू द्या. अंबाडी सहापर्यंत संपते.



आपली,
सेक्टर १० मधली एक भाजी घेणारी

ता. क. पावसाची चिन्हं आहेत. दाई म्हणाली, पाऊस असला तरी ती येणार आहे.